डॉक्टर, हिला दुखतंय, मी काय करू?

काही वर्षांपूर्वी साठी ओलांडलेल्या एक बाई नवऱ्याबरोबर दवाखान्यात आल्या होत्या. नागीण होऊन दोन महिने झाले होते. छातीच्या डाव्या बाजूचे फोड कधीच सुकले होते, पण आग आणि कळा थांबत नव्हत्या. साडीचा पदर घासला तरी त्या कळवळायच्या. मी तपासलं, नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या. सुरुवातीला गुंगी येईल, चक्कर येऊ शकते, डोस हळूहळू वाढवू, असं सगळं समजावलं. निघताना काका दारातून परत फिरले. "डॉक्टरसाहेब, गोळ्यांचं कळलं. पण रात्री दोन वाजता ही उठून बसते, तेव्हा मी काय करू?"

"धीर द्या," मी म्हणालो आणि पुढचा पेशंट आत घेतला.

ते उत्तर मला बरेच दिवस टोचत राहिलं. धीर द्यायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे मेडिकल कॉलेजात मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही त्यांना सांगितलं नव्हतं. जोडीदाराला दुखत असताना जवळच्या माणसाने काय करावं, त्याने खरंच काही फरक पडतो का, याबद्दल गेल्या साठेक वर्षांत बरंच काही कळलं आहे. ते सांगण्याआधी मी तुम्हाला चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला घेऊन जाणार आहे. स्पर्श काय करतो हे पाहायचं असेल, तर ज्या आजारात माणसाचा स्पर्शच तोडला जात होता त्या आजारापासून सुरुवात करणं मला बरं वाटतं. तो आजार म्हणजे कुष्ठरोग.

इंदू घुले आणि मुरलीधर आमटे

बाबा आमट्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, शिक्षण वकिलीचं. वरोऱ्याला वकिली करत असतानाच ते गांधीजींच्या विचारांकडे ओढले गेले आणि तिशीपर्यंत लग्न न करता जटा-दाढी वाढवून राहत होते. नागपूरला घुल्यांच्या घरी लग्नकार्य होतं. घरात पाहुण्यांची गर्दी, आणि त्या गडबडीत घरातली धाकटी मुलगी इंदू हळूच मागच्या बाजूला जाऊन एका म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. बाबांनी ते पाहिलं आणि ब्रह्मचर्याचा बेत मोडला. डिसेंबर १९४६ मध्ये दोघांचं लग्न झालं. इंदूच्या साधनाताई झाल्या.

ही हकिगत अनेकांनी वाचलेली असेल. मला त्यात एका गोष्टीचं विशेष वाटतं. त्या मुलीने म्हाताऱ्या बाईची दया येऊन तिला पैसे दिले नाहीत, सहानुभूतीचे शब्दही बोलली नाही. तिने हात पाण्यात घातले. आपल्या भाषेत याला सहवेदना म्हणतात, आणि इंग्रजीतल्या 'एम्पथी'पेक्षा मला हा शब्द जास्त नेमका वाटतो. त्यात वेदना आहे आणि 'सह' आहे. पुढे येणारे प्रयोग वाचताना हा शब्द लक्षात ठेवा.

लग्नानंतरची गोष्ट तुळशीरामची. बाबा तेव्हा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि सफाई कामगारांचं काम काय असतं ते कळावं म्हणून स्वतः मैला वाहत होते. पावसात रस्त्याच्या कडेला त्यांना एक गाठोडं दिसलं. जवळ गेल्यावर कळलं की ते माणूस आहे. हातापायाची बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले, शेवटच्या अवस्थेतला कुष्ठरुग्ण. बाबा घाबरून घरी पळाले. धावत्या गाडीत गोऱ्या शिपायांना अडवणारा, ज्याला गांधीजींनी 'अभय साधक' म्हटलं, तो माणूस एका मरणाऱ्या आजाऱ्याला भ्यायला होता. ती भीती त्यांना झोपू देईना. ते परत गेले, तुळशीरामला आडोसा केला, खाऊ घातलं. तो वाचला नाही.

यापुढे कुष्ठरुग्णांसाठीच काम करायचं, असं बाबांनी ठरवलं तेव्हा साधनाताईंच्या पदरात दोन लहान मुलं होती. विकास १९४७ चा, प्रकाश १९४८ चा. आज आपण सहज म्हणतो की कुष्ठरोग इतका सहज लागत नाही. त्या काळात डॅप्सोन हे पहिलं परिणामकारक औषध भारतात नुकतंच वापरात येऊ लागलं होतं आणि सामान्य माणसाच्या मनात 'महारोग' म्हणजे देवाची शिक्षा होती. अशा वेळी 'मी तुमच्याबरोबर आहे' असं म्हणणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी लहान मुलांच्या आईंनी विचार करून पाहावं. बाबा १९४९ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकून आले. तिथे त्यांनी प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेतले होते. १९५१ च्या जूनमध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभं राहू लागलं.

नवरा-बायकोला तोडणारा आजार

कुष्ठरोग माणसाला मारत नाही, तो माणसाला एकटं करतो. गावाबाहेर काढलं जाणं ही झाली मोठी गोष्ट. त्याआधी घरातलं अंथरूण वेगळं होतं, ताट वेगळं होतं, आणि मग जोडीदार हात धरेनासा होतो.

आपल्या कायद्यानेही ही तोडातोड मान्य केलेली होती. १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट रुग्णांना डांबून ठेवायची मुभा देत होता. तो रद्द झाला २०१६ मध्ये. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा बरा न होणारा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण म्हणून लिहिलेलं होतं. १९८० च्या दशकात तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती आली, आजार सहा महिन्यांत किंवा वर्षभरात पूर्ण बरा होऊ लागला, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागल्या. तरी ते कलम तसंच राहिलं. शेवटी २०१९ मध्ये वैयक्तिक कायद्यांत दुरुस्ती झाली आणि हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती आणि विशेष विवाह कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण वगळण्यात आलं. म्हणजे अगदी काल-परवापर्यंत, बऱ्या होणाऱ्या आजारासाठी जोडीदाराला सोडायला कायद्याची हरकत नव्हती. मधुमेह मात्र पूर्ण बरा होत नाही, तरी त्यासाठी कुणी असं कलम लिहिलं नाही.

आनंदवनाने उलट दिशेने काम केलं. घरच्यांनी टाकलेली माणसं तिथे आली, शेती करू लागली, विणू लागली, आणि एकमेकांशी लग्नं करू लागली. बाबा आणि साधनाताईंनी या लग्नांना नुसती परवानगी दिली नाही, ती लावून दिली. आधी कुष्ठरोगातून बरे झालेले, पुढे अंध, मूकबधिर, अपंग असे सगळेच. त्या काळातल्या लोकांना हे विचित्र वाटलं असणार. ज्यांच्या अंगाला कुणी हात लावत नाही त्यांनी संसार करायचा? पण माणसाला औषधाबरोबर आणखी काय लागतं, हे त्या दोघांना कळलं होतं असं मला वाटतं.

वेदना नसण्याचं दुःख

इथे एक वैद्यकीय गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेकांचा गैरसमज असतो की कुष्ठरोगात बोटं सडून गळतात.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. हा जंतू त्वचेत आणि नसांत राहतो. आधी गरम-गारपणा कळेनासा होतो, मग टोचलेलं कळत नाही, मग हलका स्पर्शही. बोटं नंतर जातात ती जंतूमुळे थेट नाही, तर दुखत नाही म्हणून. हे सिद्ध करणारे डॉक्टर पॉल ब्रँड हे बाबा आमट्यांच्याच वयाचे. जन्म १९१४, तोही भारतातला, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. इंग्लंडमध्ये शिकून ते १९४६ मध्ये, म्हणजे आमट्यांचं लग्न झालं त्याच वर्षी, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शल्यचिकित्सक म्हणून आले. त्यांनी रुग्णांचं बारकाईने निरीक्षण केलं. कुणी गरम भांडं हाताने उचलतो, कुणी घट्ट कुलूप उघडताना किल्लीने बोट हाडापर्यंत कापून घेतो, कुणी खिळा रुतलेल्या पायाने मैलभर चालतो. काहींची बोटं रात्रीतून नाहीशी होत. रात्री जागून पाहिल्यावर कळलं की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणसाला जाग येत नव्हती. मग घरी जाणाऱ्या रुग्णांना मांजर दिलं जाऊ लागलं.

ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करताना कृत्रिम वेदना बनवायचा प्रयत्न केला. हातमोज्यात आणि मोज्यात दाब मोजणारी यंत्रं बसवायची, धोका असला की आवाज किंवा विजेचा हलका झटका. बरीच वर्षं आणि बरेच पैसे खर्चून तो प्रयोग फसला. झटका नकोसा झाला की रुग्ण यंत्र बंद करायचे. खरी वेदना बंद करता येत नाही, म्हणूनच ती राखण करते.

याचा अर्थ कुष्ठरुग्णाला कधीच दुखत नाही असा घेऊ नका. आजाराच्या मध्येच 'रिअ‍ॅक्शन' येते तेव्हा नसा सुजतात आणि कोपराजवळ किंवा गुडघ्याजवळ असह्य ठणका लागतो. त्यावर स्टेरॉइड वेळेत दिलं नाही तर हात-पाय लुळे पडतात.

ब्रँड यांनी आपल्या लेखनात वेल्लोरच्या सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग सांगितला आहे. एका तरुण रुग्णाला तपासताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुभाष्यामार्फत उपचार समजावू लागले. तो हुंदके देऊन रडायला लागला. आपलं काही चुकलं का, असं त्यांनी विचारलं. दुभाषी बाई म्हणाली, नाही, तुम्ही खांद्यावर हात ठेवलात म्हणून तो रडतोय. कित्येक वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नाही.

सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्रींना स्वतः मालिश करायचे, त्याचा फोटो आपण पाहिलेला असतो. परचुरेशास्त्री संस्कृतचे विद्वान, कुष्ठरोग झालेले. तो फोटो पाहताना आपलं लक्ष गांधीजींकडे जातं. पुढच्या वेळी शास्त्रीबुवांकडे बघा.

बाबांची पाठ

बाबा आमट्यांना स्वतःला आयुष्याचा मोठा भाग तीव्र वेदनेत काढावा लागला. मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांचा स्पाँडिलोसिस इतका वाढला की त्यांना बसताच येईना. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, मधलं काही नाही. १९८५ च्या डिसेंबरमध्ये 'भारत जोडो' म्हणून कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर निघाले, तेव्हा सत्तरी ओलांडलेले बाबा बरोबरच्या गाडीत पलंगावर आडवे होते. १९९० मध्ये ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. अशा पाठीने, वयाच्या पंचाहत्तरीत, आपण उभं केलेलं सगळं मागे ठेवून. साधनाताई तिथेही त्यांच्याबरोबर राहिल्या. त्यांचं 'समिधा' हे आत्मकथन मी माझ्या पेशंट्सना वाचायला सुचवतो, विशेषतः ज्यांच्या घरात कुणीतरी कायमचं आजारी आहे त्यांना. बाबा २००८ च्या फेब्रुवारीत गेले, साधनाताई २०११ च्या जुलैमध्ये. लग्नाला एकसष्ट वर्षं झाली होती.

साधनाताईंच्या सोबतीमुळे बाबांची पाठ किती टक्के कमी दुखली, हे कुणी मोजलं नाही. पण नंतरच्या संशोधकांनी नेमकी हीच गोष्ट मोजायचा प्रयत्न केला आहे.

प्रयोगशाळेत धरलेला हात

गुडघा टेबलावर आपटला की आपण लगेच तो चोळतो. हे का करतो याचं पहिलं चांगलं स्पष्टीकरण १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी दिलं. त्यांच्या मते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक दार असतं. वेदनेचे संदेश बारीक तंतूंतून येतात, स्पर्शाचे जाड तंतूंतून. स्पर्शाचे संदेश भरपूर आले की ते दार थोडं ओढून घेतलं जातं आणि मेंदूकडे वेदना कमी पोचते. पुढे यात बऱ्याच सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना टिकली. कंबरेला लावतात ते टेन्सचं मशीन याच तत्त्वावर चालतं. आजीचं पाय चेपणंही.

हे झालं चोळण्याचं. गोंजारण्याचं काय? १९९० च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसाच्या केसाळ त्वचेत एक वेगळ्याच प्रकारचे बारीक, मंद तंतू असल्याचं दाखवलं. सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर अशा संथ गतीने, हलक्या, कोमट हाताने कुरवाळलं की हे तंतू सगळ्यात जास्त जागे होतात. लेकराच्या पाठीवरून आई ज्या वेगाने हात फिरवते तो साधारण हाच वेग. २००२ मध्ये एका स्त्रीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, जिच्या स्पर्शाच्या जाड नसा आजाराने गेल्या होत्या. तिच्या हातावरून मऊ ब्रश फिरवला की तिला काय लागतंय ते नीट सांगता येत नव्हतं, पण काहीतरी छान वाटतंय एवढं जाणवायचं. म्हणजे 'काय लागलं' हे सांगणारी आणि 'बरं वाटलं' हे सांगणारी यंत्रणा वेगवेगळी आहे.

पण यातून काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. कारण तसा हात तर कुणीही फिरवू शकतो, नर्स, फिजिओथेरपिस्ट, मशीनसुद्धा. जोडीदाराच्या हातात वेगळं काही आहे का?

२००६ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स कोअन आणि सहकाऱ्यांनी सोळा विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं. घोट्याला विजेचा हलका झटका बसेल अशी सूचना पडद्यावर येई. कधी तिचा हात नवऱ्याने धरलेला, कधी अनोळखी माणसाने, कधी कुणीच नाही. नवऱ्याचा हात असताना धोक्याला उत्तर देणारे मेंदूचे भाग सगळ्यात शांत राहिले. अनोळखी हाताने थोडा फरक पडला, पण कमी. आणि ज्यांचा संसार अधिक समाधानाचा होता त्यांच्या मेंदूवर नवऱ्याच्या हाताचा परिणाम जास्त दिसला. लक्षात घ्या, तळहाताला ते गोंजारण्याचे तंतू फारसे नसतात. म्हणजे इथे काम करत होती ती त्वचा कमी आणि 'हा माझा माणूस इथे आहे' ही जाणीव जास्त.

दुसरा प्रयोग मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो काकांच्याच प्रश्नातून निघाला. पावेल गोल्डस्टाइन या संशोधकाची पत्नी बाळंत होत होती. तिच्या कळा बघताना त्याच्या मनात एकच होतं, मी हिच्यासाठी काय करू? त्याने तिचा हात धरला आणि तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. संशोधकच तो, त्याने ठरवलं की हे मोजायचं. २०१७ मध्ये बावीस तरुण जोडप्यांवरचा त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाईच्या हातावर सोसवेल एवढा गरम चटका दिला जाई. जोडीदार कधी शेजारी हात धरून बसे, कधी शेजारीच पण स्पर्श न करता, कधी दुसऱ्या खोलीत. दोघांच्या हृदयाचे ठोके आणि श्वास मोजले जात. नुसते एकत्र बसलेले असताना दोघांची लय आपोआप जुळायची. बाईला दुखायला लागलं आणि स्पर्श नसला की ती जुळणी तुटायची. हात धरला की परत जुळायची आणि दुखणंही कमी व्हायचं. जोडीदाराला तिची वेदना जितकी अचूक उमगत होती, तितकी जुळणी जास्त. पुढच्याच वर्षी त्यांनी मेंदूच्या लहरींबाबतही असंच दाखवलं. मघाशी सहवेदना हा शब्द लक्षात ठेवा म्हणालो होतो, तो यासाठी.

आता डॉक्टर म्हणून थोडा ब्रेक लावतो. हे प्रयोग लहान आहेत. त्यातली माणसं तरुण आणि निरोगी, वेदना दोन-चार मिनिटांची, आणि दुखणं नेहमी बाईचं, हात नेहमी पुरुषाचा. वर्षानुवर्षं दुखणारी पाठ किंवा कॅन्सर याला हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. लय जुळल्यामुळे दुखणं कमी झालं की दुखणं कमी झाल्यामुळे लय जुळली, हेही पक्कं सांगता येत नाही. पण ज्या उपायाला खर्च नाही आणि सांभाळून केला तर अपाय नाही, त्याच्यासाठी एवढा पुरावा मला पुरतो.

तर, रात्री दोन वाजता

काका पुढच्या वेळी आले तेव्हा मी त्यांना नीट सांगितलं. तेच इथे लिहितो.

जिथे दुखतंय तिथेच हात लावायला हवा असं नाही. नागिणीनंतर त्या जागेला हलका स्पर्शही आगीसारखा लागतो, कारण बिघडलेल्या नसा स्पर्शालाच वेदना समजतात. तिथे हात न लावता दुसऱ्या बाजूचा हात धरा. गोल्डस्टाइनच्या प्रयोगातही चटका एकीकडे आणि धरलेला हात दुसरीकडे होता. दुखणाऱ्या माणसाला आधी विचारा, 'हात धरू का?' कधीकधी नको वाटतं, तेव्हा शेजारी बसून राहा. उपाय सुचवू नका, 'सकाळी हे खाल्लंस म्हणून झालं' असले शोध तर अजिबात लावू नका. किती दुखतंय, कसं दुखतंय, हे ऐका आणि पटलं असं दाखवा. मोबाईल बाजूला ठेवा. एका हाताने बायकोचा हात आणि दुसऱ्या हाताने व्हॉट्सअ‍ॅप, असा प्रयोग अजून कुणी केला नसावा, पण त्याचा निकाल मी सांगू शकतो.

काही ठिकाणी मात्र हात धरून बसायचं नाही. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, अचानक तोंड वाकडं झालं, पोटात कधी नव्हे अशी कळ आली, तर हात धरून गाडीत बसवा आणि हॉस्पिटल गाठा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. वेदनेच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

आणि ज्या घरात मारहाण आहे, रोजचा अपमान आहे, तिथे हे काहीच लागू नाही. ज्या हाताची भीती वाटते त्या हाताने दुखणं कमी होत नाही. ज्यांचा जोडीदार नाही किंवा आता राहिलेला नाही, त्यांच्यासाठी लेक, सून, मैत्रीण, शेजारीण यांचा हात आहे. कोअनच्या प्रयोगात अनोळखी हातही अगदी निरुपयोगी नव्हता.

राहिली वेदना न होणाऱ्यांची गोष्ट. कुष्ठरोगाचे पेशंट आता मला क्वचित दिसतात, पण बधिर पाय रोज दिसतात. ते मधुमेहाचे. जुनी साखर नसा खाते आणि तळपायाची जाणीव जाते, ब्रँडच्या रुग्णांसारखीच. आपल्याकडे चैत्रात सप्तशृंगीला अनवाणी पायी जाणारे हजारो आहेत. त्यातले काही मधुमेही परत आल्यावर माझ्याकडे येतात, तळपायाला मोठा फोड किंवा जखम घेऊन, आणि म्हणतात, "कळलंच नाही हो." त्यांच्या वेदनेचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. यंत्राला ते जमलं नव्हतं.

म्हणून मी अशा पेशंट्सच्या जोडीदाराला आत बोलावतो. रोज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं. उजेडात तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्यांत बघायचं, टाचेच्या भेगा, लालसर डाग, फोड, चिरा. मग हाताच्या मागच्या बाजूने पूर्ण पायावरून फिरवायचं, एखादी जागा बाकीच्यापेक्षा गरम लागते का ते पाहायचं. आंघोळीच्या पाण्यात आधी जोडीदाराने हात घालून बघायचा. चपलेत खडा आहे का ते झटकून पाहायचं. काही वेगळं दिसलं तर दुसऱ्या दिवशीच दाखवायला यायचं.

नवऱ्याचे पाय बघायला बायका लगेच तयार होतात. उलटं असलं की अडतं. मागच्या महिन्यात निफाडकडच्या एका मावशींना मी हे समजावत होतो. मी त्यांच्या यजमानांना पुढे बोलावलं तशा त्यांनी पाय आखडून साडीत घेतले. "अहो, यांनी माझ्या पायाला हात लावायचा? पाप लागंल मला." मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्या बाबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खुर्चीवरून खाली बसकण मारली. "दाखव," ते म्हणाले. डाव्या पायाच्या करंगळीखाली एक चीर होती. कधी झाली ते मावशींना माहीत नव्हतं.